शिक्क्याखालचा मजकूर

कागदावर लिहिलेलं रोज बदलत नाही. एवढी साधी गोष्ट बुरुलला कळत होती, आणि म्हणूनच त्या आठवड्यात तिचा आईवरचा विश्वास उडाला.

बुरुल वीस वर्षांची होती आणि जन्मापासून तिला दिसत नव्हतं. लहानपणापासून ती किर्गिझ मुलखातल्या ओश शहरात, अंध मुलांच्या निवासी शाळेत वाढली, घरी यायची ती सुट्टीपुरती. आता शाळा संपली होती आणि तिला ओशच्याच एका मेडिकल कॉलेजात मसाजचा कोर्स करायचा होता. हा कोर्स होताच मुळी न दिसणाऱ्यांसाठी. तो झाला की दवाखान्यात नोकरी, स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. नाही झाला तर उझगेनजवळच्या या गावात अंगणातल्या माचावर बसून जर्दाळूच्या बिया फोडत जन्म काढायचा.

प्रवेशाचे नियम कॉलेजच्या वेबसाइटवर होते. होते म्हणजे डोळेवाल्यांसाठी होते. बुरुलचा फोन पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचा, पण या साइटवर तो एवढंच म्हणायचा, "चित्र. चित्र. चित्र." कारण आमच्याकडे शिक्का नसलेला कागद म्हणजे कागदच नव्हे. डायरेक्टरनं सही करायची, निळा गोल शिक्का हाणायचा, आणि मग त्या कागदाचा फोटो काढून साइटवर टांगायचा, की झाली माहिती जनतेला खुली. चित्रातली अक्षरं ओळखायला लावलं, तर तिचा जुना फोन त्या निळ्या गोलात अडखळून काहीबाही बरळायचा. साइटच्या कोपऱ्यात चष्म्याचं एक बटण होतं, कमी दिसणाऱ्यांसाठी. बुरुलनं ते दाबलं.

"मोठी अक्षरं चालू," फोन म्हणाला. आणि पुन्हा, "चित्र. चित्र. चित्र."

शेवटी तिनं फोन आईपुढे धरला. आईला ती आपा म्हणायची. "आपा, वाच ना."

तिची आई सायरा तंदूरमधून नान काढत होती. तिनं हात पुसले, फोन घेतला आणि जराशानं सांगायला लागली, "पासपोर्ट पाहिजे. शाळेचा दाखला पाहिजे. डॉक्टरचं सर्टिफिकेट. मुदत आहे ऑगस्ट संपेपर्यंत."

"आणि होस्टेल?"

"होस्टेल..." आई थांबली. "सोबत कुणी राहणारं असेल तरच."

कागद रशियन भाषेत होता. आई रशियन वाचून लगेच आपल्या किर्गिझमध्ये सांगतेय, असं बुरुलनं धरून चाललं होतं. बाजारात आईला परक्या गिऱ्हाइकांशी फाडफाड रशियन बोलताना तिनं कितीदा तरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उगाचच पुन्हा वाचायला लावलं. या वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट गळालं आणि चार फोटो आले. होस्टेल तर भरूनच गेलं.

"काल भरलं नव्हतं, आपा."

"काल उन्हात नीट दिसलं नाही. सोड आता, नान करपतील."

पाणी कुठेतरी मुरत होतं. त्या रात्री बुरुलला झोप आली नाही. आईनं होस्टेल का भरवलं? भाऊ रशियात कामाला, घरात त्याची बायको आणि तान्हं मूल. ते मूल दिवसभर कोण सांभाळतं? बुरुल. बिया कोण फोडतं? बुरुल. शाळेत तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, घरच्यांना आपण हाताशी लागतो गं, पण दूर गेलेलं चालत नाही. तेव्हा तिनं त्यांना वेड्यात काढलं होतं. आता तिला स्वतःचीच चीड आली.

सकाळी तिनं भावजयीला गाठलं. मीरगुल लग्नानंतर वर्षभर रशियात राहून आलेली, तिला रशियन चांगलं येत होतं.

"वहिनी, हे वाचून दे."

मीरगुलनं फोन घेतला. तिचं नख पडद्यावर दोनदा टकटकलं. मग म्हणाली, "आपांनी सांगितलंय ना? मग तेच आहे."

"काय सांगितलंय आपानं?"

"हेच आपलं... पासपोर्ट वगैरे."

"आणि होस्टेल?"

"अगंबाई, गाय बांधायची राहिली!"

"भर सकाळी? आत्ताच तर सोडलीस."

पण मीरगुल गेली होती. आमच्याकडे सून सासूच्या शब्दापुढे शब्द ठेवत नाही. ठेवला तर सात घरं बोलतात. बुरुलला हे ठाऊक होतं. पण संशयानं एकदा घर केलं, की ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा कटातल्या वाटायला लागतात. दोघी सामील आहेत, तिनं मनाशी पक्कं केलं.

मग तिनं सरळ कॉलेजात फोन लावला. साइट सांभाळायचं काम संगणकाच्या एका मास्तरांच्या गळ्यात मारलेलं होतं. त्यांचं नाव सामात.

"चष्म्याचं बटण आहे ना," सामात म्हणाले.

"आहे की. तो चष्मा घालायला डोळे कुठून आणू?"

पलीकडे खाकरणं ऐकू आलं. "तुम्ही कुठून बोलताय? मंत्रालयातून? की कुठली संस्था आहे? रेकॉर्ड करताय का?"

"मला प्रवेश घ्यायचाय, मुआलिम," शाळेत मास्तरांना म्हणायची तसं बुरुल म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात आणि मग तक्रार ठोकतात."

"अजून ठोकली नाही. नियमांचा मजकूर साध्या अक्षरांत टाका, म्हणजे ठोकायची वेळ येणार नाही."

"बिनशिक्क्याचा मजकूर टाकू? उद्या कुणी म्हणालं यात फेरफार केलाय, तर आमच्या उपसंचालक बाई माझी कातडी सोलतील."

"शिक्का राहू द्या ना, त्याला कोण हात लावतंय? त्याच्याखाली टाइप करा."

"अहो, कशाला एवढा खटाटोप? मी आत्ता वाचून दाखवतो. दोन मिनिटांचं काम!"

बुरुलच्या तोंडात 'वाचा' आलं होतं. ते तिनं गिळलं. "नको. आतापर्यंत दोघींनी वाचलंय. आता तुमच्यावर विश्वास ठेवू? मला माझं मला ऐकायचंय."

सामात मास्तरांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "खरं सांगू? मसाजच्या कोर्सला आजवर न दिसणाऱ्या कुणाचाच फोन आला नाही. आम्हाला वाटलं, कुणाला गोडी नाही."

"तुमचा फोन नंबरही चित्रातच आहे. मी तो शाळेतून मिळवला."

दुसऱ्या दिवशी दुपारी साइटवर शिक्क्याच्या चित्राखाली अक्षरं आली होती. बुरुलनं फोन कानाशी धरून ती ऐकली; रशियन ती शाळेतच शिकली होती. कागदपत्रं स्वतः येऊन द्यायची. शेवटचा दिवस उद्याचा. न दिसणाऱ्यांना होस्टेलमध्ये पहिला हक्क. सोबत माणसाची गरज नाही.

सामात मास्तरांनी खरंच शिक्क्याखालचंच टाइप केलंय ना, अशीही शंका तिला चाटून गेली. पण त्या माणसाला खोटं बोलून काय मिळणार होतं? ज्यांना मिळणार होतं, त्या स्वयंपाकघरात होत्या.

ती तशीच तडक आत गेली. आई कणीक मळत होती. मीरगुल मुलाला भरवत होती. बुरुलनं आवाज पूर्ण वाढवून फोन जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर ठेवला. फोनमधली बाई खणखणीत रशियनमध्ये सगळं वाचत गेली, अगदी शेवटपर्यंत.

उद्याची तारीख आली तेव्हा मीरगुलच्या तोंडून "अय्या" निघालं. आईचे हात तसेच चालत राहिले.

"ऐकलंस?" बुरुल ओरडली. "उद्या संपतेय मुदत! ऑगस्ट संपेपर्यंत म्हणाली होतीस ना? होस्टेल भरलंय म्हणालीस! मला कायमची इथे बसवून ठेवायची होती तुला?"

मळणं थांबलं.

"आवाज छान आहे गं त्या बाईचा," सायरा हळूच म्हणाली. "काय म्हणाली ती?"

मग मीरगुलला राहवलं नाही. "आपांना रशियन येत नाही, बुरुल. 'किती', 'घे', 'ताजं आहे', बाजारापुरतं येतं. मी सून, मी कशी सांगू?"

बुरुल आईजवळ खाली बसली. "मग येत नाही म्हणून सांगायचंस ना, आपा! मी तुझ्या भरवशावर बसले असते, तर सगळं हातचं गेलं असतं!"

"कुणाला सांगू? तुला?" आईचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "लहानपणी सुट्टीला आलीस की माझं बोट धरून विचारायचीस, आपा, समोर काय आहे, वर काय लिहिलंय. तू आंधळी आणि मी अडाणी, हे माझ्या तोंडून तुला ऐकवू? अक्षरं लावता येतात मला. अर्थ लागत नाही. खोटं बोलायचं नव्हतं गं. असल्या कागदात काय असेल, ते अंदाजानं सांगत गेले. ज्याची धास्ती होती, तेच तोंडात आलं."

बुरुलला रडू आलं, आणि राग काही गेला नाही. दोन्ही एकदम घेऊन ती बसून राहिली.

"आता तू सांग," सायरा म्हणाली. "एकेक करून, सगळं."

बुरुलनं फोन हातात घेतला. बाईनं एक वाक्य बोलायचं, बुरुलनं बटण दाबून तिला थांबवायचं आणि किर्गिझमध्ये सांगायचं. पासपोर्ट झाला, दाखला झाला, मुदत झाली, होस्टेल झालं. दर वाक्याला आई "हं" म्हणत होती. मग शेवटचं वाक्य आलं. होस्टेलच्या जिन्यावर किंवा बाहेर रस्त्यावर विद्यार्थ्याला इजा झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही.

"शिक्का आणि डायरेक्टरची सही," बुरुल म्हणाली. "संपलं."

आईचा "हं" आला नाही.

"सहीला एवढं लांब बोलावं लागतं?" सायरानं विचारलं.

बुरुलचे कान तापले. आईनं जे केलं म्हणून ती एवढं आकांडतांडव करत आली होती, तेच आत्ता तिनं केलं होतं, आणि तेही अर्थ कळत असताना. तिनं ते वाक्य पुन्हा लावलं आणि जसंच्या तसं सांगितलं. जिना, रस्ता, इजा, काहीच गाळलं नाही.

सायरा उठली. नळाखाली हात धुतल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार वाजलं. ती येऊन बुरुलशेजारी बसली आणि तिनं लेकीचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. हात सोडला नाही.

"हे शेवटचं मला वाचता आलं असतं ना," ती म्हणाली, "तर तुला मी कधीच सांगितलं नसतं."