न चाखलेला मुरांबा

मी काचेची बरणी बोलतेय. माझ्या पोटात रानातल्या निळ्या बेरींचा मुरांबा आहे. तो आजवर कुणी चाखलेला नाही.

मला भरलं बेलारूसच्या एका खेड्यात, तामाराने. सीमेपलीकडची अणुभट्टी फुटली, तेव्हा वाऱ्याने तिचं विष या रानावर आणून सांडलं होतं. म्हणूनच तामाराची मुलगी स्तासिया एका संस्थेच्या मदतीने महिनाभर इटलीला निघाली होती. स्वच्छ हवेने, स्वच्छ अन्नाने अंगातलं विष उतरतं म्हणे.

"आई, रानातलं काही खायचं नाही, असं शाळेत सांगितलंय."

"मोठी आलीस शाळेची. परक्याच्या घरी महिनाभर जेवणार, आणि हात हलवत जाणार?" तामाराने मला लोकरी मोज्यात गुंडाळलं.

इटलीत पोचल्यावर स्तासियाने मला पलंगाखाली सारलं. वर हसणं, ओले पाय, समुद्राची वाळू. खाली मी आणि अंधार. रविवारी आईचा फोन यायचा.

"मुरांबा आवडला का गं त्यांना?"

"हो. पहिल्याच दिवशी संपवला."

"बघ. आणि तू नको म्हणत होतीस."

मग ती पलंगावर बसून राही. तिच्या टाचा माझ्यासमोर लोंबकळत.

एकदा केर काढताना घरच्या मालकिणीला, ओर्नेलामावशीला, मी सापडले. तिने झाकणाला हात घातला, तोच स्तासियाने मला हिसकावून घेतलं. "नको, मावशी. विष आहे." शिकलेले चार इटालियन शब्द तिने गोळा केले. "पण आई वाईट नाही."

मावशीने मला तिच्या हातून हळूच घेतलं. तिने मला पुसून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. रविवारी फोन स्वतः घेतला आणि एकच शब्द म्हणाली, "सुंदर." तो खोटा नव्हता. उन्हात मी खरंच सुंदर दिसते.

काही उन्हाळे स्तासिया येत राहिली. मग संस्थेच्या वयोमर्यादेत बसेनाशी झाली. आता मावशीही थकलीय. पाहुणे मला हात लावू पाहतात, ती मान हलवते. ज्यांनी ते रान नासवलं, त्यांच्यावर आईची भेट पलंगाखाली लपवायची वेळ कधी आली का?

मला उघडू नका. मी अशीच राहीन, भरलेली आणि एकटी. फक्त तुमच्यापैकी कुणी त्या खेड्यात गेलंच, तर तामाराला सांगा, मुरांबा केव्हाच संपला.