टोल आणि झेंडा

बापूरावांना ठामपणे चोर म्हणायला गावाला अडीच दिवस लागले. त्यांच्या पोटच्या पोरीला, नंदिनीला, अर्धा दिवस पुरला.

शंकरपट रविवारी झाला. सिंदेवाहीकडच्या त्या गावात धान निघून बांध्या कोरड्या पडल्या की जानेवारीत पट भरतो, बैलजोड्या हलक्या छकड्यांना जुंपून पळवतात आणि पट एका दिवसाचा असला तरी तीन दिवस गावाला दुसरं काही सुचत नाही. हजार फुटांच्या दोन पट्ट्या, उजवी आणि डावी. एकदा या पट्टीवरून जोडी सुटते, एकदा त्या पट्टीवरून. जोडी एकटीच पळते, तिची लढत घड्याळाशी. शेवटच्या रेषेवर उजव्या पट्टीचं घड्याळ बावीस वर्षं बापूरावांच्या हातात होतं. डाव्या पट्टीचं घड्याळ पट कमिटीचे अध्यक्ष गुणवंतराव सांभाळत. सुरुवातीच्या रेषेवर एक माणूस लाल झेंडा खाली पाडायचा आणि त्याच क्षणी दुसरा शाळेतून आणलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायचा. नेम साधा होता, झेंडा घड्याळवाल्यासाठी आणि टोल छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यासाठी.

यंदा शिल्ड गेली आरमोरीच्या धनराज यांच्या जोडीला. उजवी पट्टी, पंचवीस सेकंद आणि चार दशांश. गावच्याच लटारूची जोडी डाव्या पट्टीवरून सव्वीस सेकंदांत आली आणि दुसरी ठरली. आता गंमत अशी, की या धनराजांचा मुलगा प्रवीण पंधरा दिवसांपूर्वीच नंदिनीला बघून गेला होता. दोन्हीकडून होकार होता, नुसता साखरपुडा ठरायचा होता. झालं! गावाला एवढं पुरे असतं. बोअरिंगवर पाणी भरताना बायका म्हणाल्या, लोक पोरीला आंदणात भांडी देतात, बापूरावांनी सेकंद दिला.

नंदिनीनं ते ऐकलं, आणि भांडायला जाण्याऐवजी ती विचारात पडली. ती गावच्या शाळेत मानधनावर सातवी-आठवीला विज्ञान शिकवायची आणि कायम नोकरीसाठी मार्चातल्या परीक्षेचा अभ्यास करायची. पुराव्याशिवाय काही मानू नये असं पोरांना सांगणारी बाई ती, पण घरात मात्र तिनं पुरावे शोधायला घेतले ते निकाल आधी लावून. पटाच्या सकाळी तिनं बाबांना धनराजांशी छकड्याआड बोलताना पाहिलं होतं. "ते माह्यावर सोडा. फक्त पोरीले आत्ता सांगू नका," असं बाबा म्हणाले होते, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि आता तिला जाणवलं, बाबा तिच्याकडे बघून बोलतच नाहीत. बोलताना त्यांची नजर तिच्या कानाजवळून कुठेतरी जायची. पेपर वाचणंही त्यांनी हल्ली सोडलं होतं. "सारं खोटंच छापून राह्यले," म्हणायचे. खोटेपणाची एवढी चीड एकदम कुठून आली, असं तिला वाटलं.

संशयाला एकदा घरात पाट मांडून दिला की तो जेवूनच उठतो. सोमवारी दुपारी मधल्या सुट्टीत तिनं शाळेमागच्या मोहाखाली उभं राहून प्रवीणला फोन लावला.

"तुमची जोडी खरी जिंकली नाई," ती म्हणाली. "बाबानं तुमाले वेळ कमी करून देला. असं लगन मले नाई पाह्यजे."

मग प्रवीण एवढंच म्हणाला, "तुमी सोताच्या बाबाबद्दल म्हणून राह्यल्या. मंग मी काय बोलू?"

फोन ठेवल्यावर तिला फार स्वच्छ वाटलं. आपण फार सरळ, फार निर्भीड वागलो असं वाटलं. तो स्वच्छपणा जेमतेम मंगळवार सकाळपर्यंत टिकला, कारण सकाळच्या एसटीनं धनराजांनी शिल्ड कमिटीकडे परत पाठवली. निरोप नाही, चिठ्ठी नाही. मानी माणूस! गावानं त्याचा सरळ अर्थ लावला. चोराच्या मनात चांदणं! ज्याला मिळाली तोच परत देतो म्हणजे आणखी कोणता पुरावा हवा? आणि त्याच संध्याकाळी लटारूच्या भाच्यानं, प्रणितनं, गावाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बापूरावांच्या पाठीमागून, त्यांच्या खांद्यावरून काढलेला. लांबवर झेंडा पडतो, जोडी सुटते, धूळ उठते, आणि बापूरावांचा अंगठा घड्याळावर तसाच. मग कुठे तो दाबला जातो. व्हिडिओवर मोजलं तर जोडीला लागले होते सव्वीस सेकंद आणि तीन दशांश. लटारूनं खाली लिहिलं होतं, 'बुधवारी चार वाजता मैदानात या. बापूरावभाऊनं देवाची आण घेऊन सांगावं.'

बापूरावांनी तो व्हिडिओ पाहिलाच नाही. रुखमाबाईंनी, म्हणजे नंदिनीच्या आईनं, काय आहे ते सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसून राहिले आणि म्हणाले, "मी तर बरोबर दाबलं." त्यांनी तेच तीनदा म्हटलं. नंदिनीनं भाकरीचं ताट त्यांच्यासमोर जरा आपटूनच ठेवलं.

बुधवारी शाळेला स्थानिक सुट्टी होती. सकाळी ती तलावावर धुणं घेऊन गेली, खरं तर घरातून सुटायलाच. मन कडू झालेलं. समोरच्या पाळीवर, बऱ्याच लांब, एक बाई गोधडी दगडावर आपटत होती. गोधडी खाली यायची, आणि बाई ती पुन्हा डोक्यावर उचलायची तेव्हा कुठे इकडे धप्प ऐकू यायचं. नंदिनी ते रिकाम्या डोळ्यांनी बघत होती. धप्प. पुन्हा धप्प. आणि एकदम तिच्या हातातला साबण पाण्यात गेला.

आवाज एका सेकंदात साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. हे वाक्य तिनं याच हिवाळ्यात आठवीच्या पोरांकडून घोकून घेतलं होतं, नाही आलं त्यांना दहा वेळा लिहायला लावलं होतं. हजार फूट म्हणजे तीनशे पाच मीटर. तेवढं अंतर कापायला आवाजाला लागतात जवळजवळ नऊ दशांश सेकंद. सव्वीस पूर्णांक तीनमधून नऊ दशांश गेले तर उरतात पंचवीस पूर्णांक चार. विज्ञानाच्या बाईनं पोरांना सगळं शिकवलं होतं, स्वतः मात्र एक अक्षर शिकली नव्हती.

ती तशीच ओल्या हातांनी प्रणितच्या घरी गेली. त्यानं ग्रुपवर धनराजांच्या जोडीचा तुकडाच टाकला होता, पण मोबाईलमध्ये उजव्या पट्टीच्या सगळ्या चौदा जोड्या होत्या. तिनं त्या एकेक करून पाहिल्या, आवाज वाढवून. झेंडा पडतो, अंगठा हलत नाही. मग रुळाचा ठण्ण असा आवाज येतो, आणि त्याच्याबरोबर अंगठा खाली. चौदाच्या चौदा वेळा. ज्यांना बाबा ओळखतही नव्हते त्या मूल गावच्या जोडीलाही तेवढाच उशीर. जावई करायचाय म्हणून कोणी चौदा जणांना सेकंद वाटत सुटत नाही.

घरी आली तेव्हा बापूराव ओट्यावर बसले होते. ती अंगणाच्या टोकाला, फाटकाजवळ काही न बोलता उभी राहिली. त्यांनी मान वर केली, तिच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाले, "रुखमा, नंदी आली का वं तलावावरून?"

नंदिनीनं जवळ जाऊन त्यांच्या समोर बसत विचारलं, "बाबा, झेंडा दिसते का तुमाले?"

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग मोतीबिंदू वर्षभरापासून वाढतोय ते सांगितलं. मोठ्या भावाचा डोळा ऑपरेशनमध्ये गेला होता म्हणून भीती वाटते तेही सांगितलं. "पण त्यानं काय बिघडते? टोल अन् झेंडा एकाच वक्ती पडते. मंग पाहाचं काय अन् ऐकाचं काय, एकच तं हाय! डोळ्यानं नाई तं कानानं धरलं. जोडी तं नाकासमोरून जाते, थे दिसते."

"एकच नाई ना बाबा," ती म्हणाली, आणि तलावावरची गोधडी, तीनशे पाच मीटर, नऊ दशांश, सगळं समजावून सांगितलं. त्यांना हिशेब किती कळला कोण जाणे. पण शेवटचं नेमकं कळलं.

"म्हणजे लटारूची जोडी खरोखर जिंकली होती?"

"हो."

"अरे देवा," बापूराव म्हणाले. "पोराचा हक्क गेला माह्या हातून." आपल्यावर आळ आला होता, याचं त्यांना जणू भानच नव्हतं.

आत गेल्यावर आईला तिनं छकड्याआडच्या बोलण्याचं विचारलं. रुखमाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "साखरपुड्याची तारीख पक्की करून राह्यले होते ते! तुही मार्चातली परीक्षा होईस्तोवर तुले सांगाचं नाई, असं ठरलं होतं." नंदिनी तिथंच चुलीपाशी बसली. सोमवारच्या फोनचं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. आताही सांगवेना.

चार वाजता अर्धं गाव मैदानात होतं. टेबलावर परत आलेली शिल्ड. लटारूनं खंडीभर लोकांसमोर आण मागितली, आणि बापूराव काही बोलायच्या आत नंदिनी पुढे झाली.

"लटारूभाऊ, तुमीच तिकडं जा. झेंडा बी तुमीच पाडा अन् टोल बी तुमीच द्या. दोन्ही हातानं, एकाच वक्ती."

लटारू तणतणत हजार फूट चालत गेला. इकडे सगळे शेवटच्या रेषेवर उभे. लांबवर त्याचे दोन्ही हात एकदम खाली आले. शांतता. मग आवाज. लोकांमध्ये कुजबुज उठली. झिंगू म्हातारा म्हणाला, "थो मुद्दाम उशिरा मारून राह्यला!" तेव्हा दोन माणसं लटारूच्या शेजारी उभी करायला पाठवली. पुन्हा तेच. मग झिंगू स्वतः गेला, स्वतः टोल दिला, आणि इकडून सगळे हसले तेव्हा त्यालाही ते हसणं जरा उशिराच ऐकू गेलं असणार. सहा वेळा झालं. आमच्या भागातला माणूस पाच वेळा बघतो आणि सहाव्या वेळी मानतो.

लटारू परत आला तो घामेघूम आणि उतरलेल्या तोंडानं. बापूरावांनी हात जोडले. "मले झेंडा दिसत नाई बाबू. मी टोलावर दाबलं. शिल्ड तुही हाय. माह्या डोळ्याचं मी सांगाले पाह्यजे होतं, लाजंपायी सांगतलं नाई." त्यांनी खिशातून घड्याळ काढून टेबलाच्या दिशेनं धरलं. गुणवंतरावांनी उठून ते त्यांच्या हातातून घेतलं. बावीस वर्षांत त्या माणसानं घड्याळ कोणाच्या हाती दिलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"चोरी नव्हती, चूक होती. मिटलं," गुणवंतराव म्हणाले. मग शिल्डकडे बघत थांबले. "पण एक मले समजून नाई राह्यलं. व्हिडिओ आला मंगळवारी संध्याकाळी. शिल्ड आली मंगळवारी सकाळी. धनराजले आधीच कोणी सांगतलं? अन् असं कोणी सांगतलं का त्यानं इचारपूस न करता हातची शिल्ड पाठवून देली?"

सगळ्यांच्या नजरा लटारूकडे गेल्या. "मी नाई!" तो म्हणाला. "देवाची आण! मी तं आरमोरीत कोणाले वळखत बी नाई."

"तूच असशीन," कोणीतरी मागून म्हणालं. "दुसरं कोन राहीन?"

नंदिनीला गप्प राहता आलं असतं. लटारूवर गेलं असतं, आठ दिवसांत विसरलं असतं. तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"मी सांगतलं," ती म्हणाली. "सोमवारी. प्रवीणले फोन करून. बाबानं चोरी केली म्हणून."

बापूरावांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. त्यांची नजर या वेळीही तिच्या कानाजवळून गेली, पण ती कशामुळे हे तिला आता माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"लटारूनं मले चोर म्हटलं, त्याची जोडी हारली होती," ते हळूच म्हणाले. "तुहं काय हारलं होतं, पोरी?"

ते उठले आणि बांधाच्या कडेनं पायानं चाचपत घराकडे निघाले. ती हात धरायला धावली, तसा त्यांनी तो हळूच, रागानं नव्हे, पण सोडवून घेतला. दोन-चार पावलांवर त्यांचा पाय ढेकळात अडकला. तेव्हा लटारू शिल्ड टेबलावर तशीच ठेवून पुढे गेला आणि त्यांच्या कोपराला धरलं. त्याचा हात त्यांनी धरू दिला.

नंदिनी दोघांच्या मागून दहा पावलांचं अंतर ठेवून घरापर्यंत चालत गेली.