डावीकडचा ब्रेक

"ताई, हिचा डावीकडचा ब्रेक म्हणजे ना, आमच्या सोसायटीचा वॉचमन! हाका मारा, मारा, मग सावकाश उठणार," गाडी शिकायला आलेली ऐश्वर्या स्टेअरिंगला लटकून पुटपुटली.

ती माझ्याबद्दल बोलत होती, मित्रांनो. मी एक जुनी गाडी आहे, डोंबिवलीतल्या मंजुळाताईंच्या ड्रायव्हिंग क्लासची. रंगाने कधीकाळी पांढरी. पण एका बाबतीत मी श्रीमंत आहे: मला ब्रेक दोन. उजवीकडचा शिकणारीचा, डावीकडचा शिकवणारीचा.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या वरातीत फुलं माळून मिरवू. मिळाल्या मंजुळाताई. बायकांना गाडी शिकवणारी बाई म्हटल्यावर तेव्हा लोक गच्चीवरून वाकून बघायचे. ताईंनी माझ्या डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, पदर खोचला आणि एमआयडीसीच्या रस्त्यांवर शिकवायला लागल्या. क्लच कुणाला जमेना तर म्हणायच्या, "दूध वर आलं की गॅस फाटकन बंद करतेस का? बारीकच करतेस ना? तसाच पाय उचल, मध्यावर धर." काय सांगू तुम्हाला, त्या वाक्यासरशी पाय शहाणा व्हायचा! ठाकुर्लीच्या पुलाच्या चढावर माझ्यात बसून रडलेल्या कितीतरी जणी आज स्वतःच्या गाडीतून ताईंना हात करतात.

मग सरकारी सवलत आली. जुनी गाडी मोडीत काढा, तसा दाखला आणा, नवीवरच्या करात सूट घ्या. घोडबंदर रोडच्या शोरूमांत झुंबड उडाली. घरोघरी नव्या गाड्या आल्या आणि त्या चालवायला शिकणाऱ्या बायकाही आल्या. ताईंच्या क्लासला उसंत राहिली नाही. सीट कव्हरवाले खूश, लिंबू-मिरचीवाले खूश. हवाही जरा बरी होईल म्हणतात, मग माझं का दुखावं?

दुखलं ते कळव्याच्या तानाजीचं. तानाजी माझा डॉक्टर. रिकाम्या गॅरेजच्या दारात बसून म्हणायचा, "दुखणी जुन्या गाड्यांना येतात. त्याच गेल्या तर मी काय नव्यांचे मुके घेऊ?" पुढे शोरूमही थंडावली, तेव्हा हसला. "पुढच्या वर्षी घेणाऱ्यांनी पण आत्ताच घेऊन टाकल्या. दिवाळीचा फराळ गणपतीत खाल्ला की दिवाळीला डबा वाजणारच!"

क्लासला येणाऱ्या मुलींना आता शिकायलाही नवीच गाडी हवी होती. ताईंची सून प्रीती म्हणाली, "आई, सूट आहे तोवर हिला देऊन टाकू." मुलगा प्रशांत म्हणाला, "पाठवूनच देऊ." 'भंगार' हा शब्द मात्र कुणी तोंडाबाहेर काढला नाही. ताई डॅशबोर्डवरची मूर्ती पुसत राहिल्या. माझ्यावर त्यांचा जीव होता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ते घडलं. ऐश्वर्या चालवत होती. गल्लीतून इडलीवाल्याची हातगाडी आडवी आली. ऐश्वर्या किंचाळली, तिचा पाय भलतीकडेच. ताईंचा पाय डावीकडच्या ब्रेकवर आला, पण उशिरा. मी कशीबशी थांबले.

"ओ ताई, सांबार डायरेक्ट बोनेटवर वाढू का?" इडलीवाला ओरडला.

"ब्रेक जुना आहे हो!" ऐश्वर्या म्हणाली. ताई गुडघा चोळत होत्या.

प्रशांतने मला तानाजीकडे नेलं, ताईही आल्या. तानाजीने चाकं काढली, ब्रेक तपासला, पुन्हा तपासला. मग बाकड्यावरून आधार घेत उठणाऱ्या ताईंकडे बघितलं आणि नजर वळवली. "जुनी गाडी आहे ताई, होतं असं."

त्याने माझ्यावर आळ घेतला, पण मला राग नाही आला. आपलं एक गिऱ्हाईक जातंय हे माहीत असूनही त्याने ताईंचा मान राखला. पण मला एकच भीती होती, मित्रांनो. नव्या गाडीतही डावीकडे तोच पाय असणार होता. आणि नव्या गाडीला दोष कोण देणार?

म्हणून तुम्हाला सांगते. नवं जरूर घ्या, सवलत मिळाली तर तीही घ्या. जुन्या वस्तूला निरोप द्या, पण धुऊनपुसून, तिच्या चांगुलपणासकट. दुसऱ्याचं दुखणं तिच्या माथी मारून पाठवू नका. ती निघून जाते. दुखणं घरातच राहतं.

आज सकाळी मला न्यायला ट्रक आला. ऐश्वर्या निरोपाला आली होती. प्रीतीने डॅशबोर्डवरची मूर्ती उचलून ओढणीत धरली. ताई आल्या, शेवटचं म्हणून डावीकडे बसल्या आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत.

"आई, चला ना," प्रशांत हळूच म्हणाला. "नवीचे ब्रेक एकदम भारी आहेत."

"बिचारी," ऐश्वर्याने माझ्या बोनेटवर हात ठेवला. "ब्रेकनेच घात केला हिचा."

ताईंनी डावीकडचा ब्रेक दाबला. मग पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवला.

"हिला न्यायचं तर न्या. पण खोटं सांगून नका नेऊ," त्या म्हणाल्या. "ब्रेक हिचा नाही गेला रे प्रशांत. माझा पाय गेलाय."