सभासद नसलेल्यांचं स्टूल

सोसायटीच्या पहिल्या सभेत सेक्रेटरी कोण होणार असा प्रश्न निघाला, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझी एकट्याची वर होती. ‘बिनविरोध निवडून आलो’ असं मी पुढे तीन वर्षं सावेडीभर सांगत फिरलो. खरं म्हणजे बाकीचे वेळेत निसटले आणि मी सापडलो, पण असं कोणी सांगतं का?

माझी उभी हयात सरकारी कचेरीत गेली, निवृत्त झालो तेव्हा हेडक्लार्क होतो. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, मी सोसायटीचं आवक-जावक रजिस्टर सांभाळायला घेतलं. स्वतःच्या पैशाने दोन शिक्के करून आणले, एक गोल, एक चौकोनी. बारा फ्लॅटच्या इमारतीला चौकोनी शिक्का कशाला लागतो, हे मला अजून सांगता येणार नाही. कोणी काही मागायला आलं की मी म्हणायचो, ‘कागद म्हणजे कागद.’ या वाक्याचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही. बरं झालं, कारण मलाही ठाऊक नव्हता.

सभा खाली पार्किंगमध्ये व्हायची. सभासदांना खुर्च्या. सभासद नसेल त्याच्यासाठी पाण्याच्या मोटारीशेजारी एक प्लास्टिकचं स्टूल. तिथे बसून ऐकायचं, बोलायचं नाही. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, माझ्या डोक्यातून निघालेला. तो लागू पडायचा एकाच माणसाला, तळमजल्यावरच्या रतनबाईंना.

रतनबाई मूळच्या श्रीगोंद्याकडच्या. नवरा गोरक्ष साखर कारखान्यात होता. निवृत्त झाल्यावर त्याने इथे फ्लॅट घेतला आणि दीड वर्षापूर्वी तो वारला. जाण्याआधी त्याने बायकोच्या नावाने वारसनोंदीचा फॉर्म भरून माझ्याकडे दिला होता. तरी घरपट्टीचं बिल अजून मयताच्या नावाने येत होतं. रतनबाईंना महापालिकेत नाव लावायचं होतं, आणि त्यासाठी सोसायटीचं एक पत्र हवं होतं. चार ओळींचं.

चार ओळींसाठी मी त्यांना दीड वर्ष फिरवलं. आधी मृत्यूचा दाखला मूळ प्रतीत मागितला, मग त्याची साक्षांकित प्रत. मग फॉर्मवरच्या साक्षीदारांना पुन्हा हजर करा म्हणालो, त्यातला एक जामखेडला बदलून गेला होता. सगळं झाल्यावर मी शेवटचा हुकूम काढला: सोसायटीचं पॅन कार्ड येईपर्यंत कुठलंही पत्र निघणार नाही.

“सायेब, माजा दीर अजिनाथ आठ दिवसाला फोन करतोय,” त्या म्हणाल्या होत्या. “म्हन्तो, घर तुज्या नावावर हाय कुटं? इकून टाकू, तू गावाला चल. मला तितं त्येच्या सुनांच्या हाताखाली न्हाई ऱ्हायाचं. कागुद असला तर तोंडावर टाकीन त्येच्या.”

“नियम आहे, रतनबाई,” मी म्हणालो आणि चौकोनी शिक्का उगाच शाईवर दाबला.

आता पॅन कार्डाचं. माणसाला लागतं तसं सोसायटीलाही लागतं, आणि लिफ्टवाल्याच्या बिलातून कर कापून भरायचा तर वर टॅन नावाचा आणखी एक नंबर लागतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण अर्ज इतका निर्दोष करायच्या नादात होतो की तीन वर्षांत तो घराबाहेर पडला नाही. शेवटी बँकेनं खातं गोठवण्याची नोटीस पाठवली, तेव्हा फाईल काखेत मारून मी केदारकडे गेलो. केदार हा माझ्या मित्राचा मुलगा, कर सल्लागार.

त्याने फाईल उघडली. सगळं टाचणीला टाचणी लावून जागच्या जागी. मी शाबासकीची वाट बघत बसलो.

“काका, सभासदांच्या यादीत तुमचं नाव दिसत नाही.”

“नीट बघ. फ्लॅट सात.”

“सातला लीनाकाकूंचं आहे.”

मी हसलो. “हो, ते कागदावर तिचं. बाईच्या नावाने घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट होती ना, म्हणून. बाकी माझंच.”

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. जन्मभर लोकांना ‘कागद म्हणजे कागद’ ऐकवणारा मी!

केदारने चष्मा काढला. “मग काकू सभासद. त्यांच्या संमतीनं तुम्हाला सहयोगी सभासद करून घ्यायला हवं होतं. तसा अर्ज दिला होता का?”

दिला नव्हता. अकरा घरांकडून फॉर्म घेताना मी बाराव्या घरात राहतो, हे विसरलो होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ते असं. तीन वर्षं मी नाकाने कांदे सोलले, आणि मी तर साधा सभासदसुद्धा नव्हतो.

“घाबरू नका,” केदार आवाज खाली आणून म्हणाला. “मागची तारीख टाकून काकूंची सही घ्या. कोण बघतंय?”

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. घरी जाऊन मी अर्ज टाईप केला, तीन वर्षांपूर्वीची तारीख घातली आणि लीनासमोर धरला. ती मेथी निवडत होती. मी सही म्हटलं की ती न वाचता करायची. या वेळी तिने हात पुसले आणि वाचायला घेतलं.

“अहो, म्हणजे सभेला मी जायचं होतं?”

“तसं काही नाही. तांत्रिक बाब आहे.”

“मी दोनदा येते म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं काय कळतंय.”

म्हणालो होतो.

“आणि रतनबाई पाय दुखतायत तरी त्या स्टुलावर बसतात, त्या सभासद नाहीत म्हणून ना?”

“हो.”

“त्यांच्या नवऱ्यानं निदान फॉर्म तरी भरून दिला होता.” तिने अर्ज घडी करून माझ्या हातात ठेवला. “मागच्या तारखेची सही मी करणार नाही. रविवारी सभेला मी येते. तुम्ही यायचं तर या.”

पस्तीस वर्षांच्या संसारात माझा अर्ज पहिल्यांदाच परत आला. रात्रभर मी तिच्यावर चिडलेला होतो. सकाळी कळलं, चिडायला तिने काही जागाच ठेवली नव्हती.

रविवारी मी रजिस्टरं आणि दोन्ही शिक्के पिशवीत घालून खाली नेले. आमच्या अध्यक्षा पंकजाताई, शाळेत मुख्याध्यापिका आहेत. त्यांच्यासमोर पिशवी ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हाहाकार माजेल. पंकजाताई म्हणाल्या, “बरं. म्हणजे सगळं परत मंजूर करून घ्यावं लागेल.” मागून कोणीतरी विचारलं, पाण्याचा टँकर कधी येणार.

लीना उठली. “आधी रतनबाईंचं पत्र,” ती म्हणाली.

पत्र दीड वर्षापासून टाईप करून माझ्याच फाईलमध्ये होतं. पंकजाताईंनी सही केली, गोल शिक्का मारला. पॅन कार्डाचं नावही कोणी काढलं नाही. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. त्या दीड वर्षात रतनबाई किती वेळा माझ्या दारात आल्या होत्या, ते माझ्या आवक रजिस्टरात तारखेनिशी लिहिलेलं होतं. मला तिथे उभं राहवेना.

“रतनबाई, इकडे या, खुर्चीवर बसा,” लीनाने स्वतःशेजारची खुर्ची ओढली. ती माझी नेहमीची खुर्ची.

आता बसायला जागा एकच उरली होती. मी मोटारीकडे गेलो. रतनबाई पत्र पदराखाली धरून उठत होत्या. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील, आणि सुनावले असते तर बरं झालं असतं.

“सायेब, बेतानं बसा,” त्या म्हणाल्या. “ह्याचा मागचा पाय मुडपतो. भितीकडं सरकून बसलं की पडत न्हाई मानूस. मी दोनदा पडले, मग कळलं.”

मी भिंतीकडे सरकून बसलो.