एकाच्या मताने

मी मतपेटी बोलतेय. पण तुम्ही जिच्यासाठी रांगेत उभे राहता, ती मी नव्हे. तिला पोलीस पहारा असतो आणि तिचं सील बघायला चार-चार चष्मे वाकतात. मी तिच्या आधीची. तुमच्यासमोर निवडणुकीला कोणती नावं यावीत, हे पक्षाच्या माणसांनी ठरवायचं असतं, आणि आमच्या पक्षात ते माझ्या पोटात ठरायचं. आज मला राग आलाय. तो मी गिळणार नाही. बाकी सगळं गिळून झालंय.

शाळेच्या एका मोडक्या दाराच्या लाकडातून माझा जन्म झाला. त्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांनी चार समविचारी माणसं जमवून पक्ष काढला. छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे कार्यालय. नगरपालिकेसाठी उमेदवार कोण, यावरून पहिल्याच बैठकीत अशी जुंपली की खालचा छापखानेवाला वर बघायला आला.

मास्तर म्हणाले, "आपण गावाला मतदान शिकवायला निघालोय आणि घरातच हातघाईवर आलोय. एक पेटी करा."

पक्षातल्याच एका सुताराने मला घडवलं. माझी फट तो पुन्हा पुन्हा घासत होता. कुणीतरी म्हणालं, "अरे, दागिन्यांची पेटी आहे का ती?" तो म्हणाला, "चिठ्ठी अडकता कामा नये. अडकली की माणसाला वाटतं, आपलं मत इथे नको आहे."

कोपऱ्यात चादर बांधून आडोसा केला. एकेक जण आत गेला, चिठ्ठी लिहून आला, माझ्यात टाकून गेला. एका बाजूला खुद्द मास्तर, दुसऱ्या बाजूला सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून आलेली एक नर्स. सगळे तिला बाई म्हणायचे. चिठ्ठ्या मोजल्या आणि बाई निवडून आल्या. पक्ष काढणारा माणूस स्वतःच्याच पक्षात हरला!

मास्तर उठले, बाईंजवळ गेले. म्हणाले, "मला वाटलं होतं, मीच येणार. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? बरं, पोस्टरं चिकटवायची खळ कुठे ठेवलीय?" आणि शिडी खांद्यावर टाकून बाईंची पोस्टरं लावायला निघाले. त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो पुन्हा कधी वाटला नाही.

बाई नगरपालिकेत गेल्या. गावात प्रसूतिगृह हवं, हा आमच्या पक्षाचा पहिला मुद्दा. समोरचा पक्षही तेव्हा जागा होता. त्यांचे पुढारी एक वकील होते. ते सभागृहात उभे राहून विचारायचे, "इमारत बांधाल हो, पण डॉक्टर राहणार कुठे? बाळ काय कचेरीची वेळ बघून येतं?" बाई चिडायच्या, कार्यालयात येऊन वकिलांना शिव्या घालायच्या आणि मग त्याच मुद्द्यासाठी डॉक्टरच्या घराचा आराखडा काढायला बसायच्या. प्रसूतिगृह झालं, शेजारी डॉक्टरचं घरही झालं. दोन पक्ष असतात ते याच्यासाठी. एकाने मांडायचं, दुसऱ्याने खोदून विचारायचं, आणि त्या भांडणातून लोकांच्या पदरात काहीतरी पडायचं.

मग मास्तर गेले आणि साहेब आले.

साहेब आले तेव्हा आमचा पक्ष जिंकू लागला होता. जिंकणाऱ्याच्या घरी पाहुणे फार. साहेबांनी कार्यालयाला रंग दिला, पंखे लावले, खुर्च्या आणल्या. माणसं खूश. पुढच्या निवडणुकीला मला टेबलावर ठेवलं, तर साहेब हसून म्हणाले, "यंदा वेळ कमी आहे. आपसात कशाला मतं मोजायची? उमेदवार एकमताने ठरवू."

एकमताने! शब्द किती गोड आहे बघा. मला वाटलं होतं, सगळ्यांच्या एका मताने. तसं नव्हतं. एकाच्या मताने.

पुढच्या वेळी वेळ होता, पण मला टेबलावर ठेवलंच नाही. मग कधीच नाही. मला दाराशी सरकवलं. माझ्यावर बसून लोक चपलांचे पट्टे बांधू लागले. माझ्या फटीत कुणी बसचं तिकीट कोंबलं, कुणी चहाचा चुरगळलेला कागदी कप. उमेदवाराचं नाव विचारलं की आता उत्तर यायचं, "वरून आलंय." हे वर म्हणजे नेमकं कुठे, ते मला कधी समजलं नाही. आमच्या वर फक्त पाण्याची टाकी होती.

माणसं बदलताना मी दारातून बघितली. जे पूर्वी बोलून मग इतरांकडे बघायचे, ते आता आधी साहेबांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग बोलायचे. साहेब हसले की टाळ्या, साहेबांनी घड्याळ बघितलं की बैठक संपली. पक्षाची शाखा होती की साहेबांची बैठकीची खोली, हे आलेल्या माणसाला सांगता आलं नसतं.

आणि एके दिवशी बातमी आली. प्रसूतिगृह पाडून तिथे दुकानांची मोठी इमारत होणार. ठराव मांडणार आमचाच पक्ष! निवडणूक तोंडावर होती आणि उमेदवार म्हणून साहेबांच्या पुतण्याचं नाव सगळीकडे चालू होतं.

त्या बैठकीला बाई जिना चढून आल्या. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. बरोबर एक बस कंडक्टर होती, पक्षाची जुनी सभासद. तिची दोन्ही मुलं त्याच प्रसूतिगृहात झालेली.

बाई म्हणाल्या, "हिला उमेदवारी हवी आहे. पुतण्यालाही हवी आहे. मतदान घ्या."

साहेब म्हणाले, "घ्या की. हात वर करा. पुतण्याच्या बाजूने कोण कोण?"

भराभर हात वर झाले. एका रिक्षावाल्याचा हात अर्ध्यावर थांबला होता. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो पूर्ण वर गेला.

"हे मतदान नाही," बाई कडाडल्या. "ही हजेरी आहे! पेटी कुठे आहे आपली?"

"कसली पेटी?" पुतण्याने विचारलं. तो माझ्यावरच बसला होता.

कंडक्टर त्याला म्हणाली, "उठा दादा. तुमचा स्टॉप आला."

खोलीत हशा पिकला. हसल्यावर माणसं जरा मोकळी होतात, तशी ती झाली. कुणीतरी चादर शोधली, कुणीतरी माझ्या पोटातले कप उपसले. साहेबांना नाही म्हणणं जड गेलं असावं. एकेक जण आडोशाला गेला. तो रिक्षावाला चिठ्ठी टाकताना क्षणभर माझ्यावर हात ठेवून उभा राहिला. या वेळी तो कुणाकडेही बघत नव्हता.

चिठ्ठ्या मोजल्या. कंडक्टर जिंकली, आणि निसटती नव्हे, चांगली दणक्यात. मघाशी वर गेलेले हात आणि आता माझ्यातून निघालेली नावं यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

साहेब उठून टाळ्या वाजवू लागले. "शाब्बास! आपल्या पक्षात किती लोकशाही आहे बघा. असाच उत्साह राहू द्या. फक्त एक अडचण आहे. पुतण्याचं नाव वरून सकाळीच जाहीर झालंय."

सकाळीच! म्हणजे आम्ही चादर बांधत होतो, चिठ्ठ्या फाडत होतो, तो रिक्षावाला आयुष्यभराचं धैर्य गोळा करत होता, तेव्हा सगळं आधीच ठरून गेलं होतं. माझ्या तळाची आग झाकणात गेली. मला पाय असते तर मी त्या जिन्यावरून साहेबांच्या मागे धावले असते.

कंडक्टरने जाताना बाईंना विचारलं, "अपक्ष उभी राहू का?"

बाई म्हणाल्या, "राहा, मी फिरेन तुझ्याबरोबर. पण निवडून आलीस तरी सभागृहात एकटी पडशील. एकटीचं ऐकत नाहीत, म्हणून तर पक्ष काढला होता."

ती उभी राहिली नाही. समोरच्या पक्षाने तरी कुणी भला माणूस दिला असेल, असं तुम्हाला वाटेल. वकील कधीच बाजूला पडले होते. त्या पक्षाने उभा केला साहेबांचा मेव्हणा. त्यांच्याकडे तर पेटी कधी नव्हतीच. गावासमोर निवड होती ती एवढीच: पुतण्या की मेव्हणा. लोक उन्हात रांगा लावून उभे राहिले, आणि वर्तमानपत्रात आलं की मतदारांमध्ये प्रचंड उत्साह!

पुतण्या जिंकला. प्रसूतिगृह पाडण्याचा ठराव आला तेव्हा आमच्यातल्या दोघांची मनं डळमळली, तर पक्षाने व्हिप काढला. पक्षाचा आदेश मोडून मत दिलंत तर सदस्यपद जाईल. सगळ्यांनी मिळून एखादं धोरण ठरवलं असेल, तर ते पाळायला लावणारा आदेश मी समजू शकते. पण ठरवलं कुणी होतं? मला विचारा, मी रिकामी होते. समोरचा पक्ष खोदून विचारायचा, तोही गप्प बसला. ठराव मंजूर. एकमताने.

पाळणे टेम्पोत चढवले तेव्हा बाई रस्त्यावर उभ्या होत्या. नंतर त्या इथे आल्या आणि साहेबांसमोर बसल्या.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची नाराजी समजते. पक्ष सोडायचा असेल तर आम्ही सन्मानाने निरोप देऊ."

"मी का सोडू?" बाई म्हणाल्या. "घर माझं आहे. तुम्ही पाहुणे आलात आणि पलंगावर पसरलात. जायचं तर तुम्ही जा."

तेव्हापासून बाई दर बैठकीला येतात, कंडक्टर येते, आताशा रिक्षावालाही येतो. मला टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "मतदान कधी?" साहेबांची माणसं मला खाली उतरवतात. बाई पुन्हा वर ठेवतात. एकदा मला जिन्यावरून ढकललं, तेव्हापासून माझा एक कोपरा फुटलाय.

तुम्ही पक्षांना नावं ठेवता, सगळे सारखेच म्हणता आणि टीव्ही बंद करता. तुमचाही मला राग येतो. सगळे सारखे झाले, कारण दारातून आत यायचा तुम्ही कंटाळा केलात. कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात जा. माझ्याच असं नाही. आणि विचारा, "तुमचा उमेदवार कुणी निवडला?" उत्तर देताना कोण कुणाच्या तोंडाकडे बघतंय, तेवढं लक्षात ठेवा.

आज बैठक आहे. मला आत्ताच कुणीतरी बाहेरच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलंय. जिन्यावर बाईंची पावलं वाजताहेत. कंडक्टरची आज ड्युटी आहे आणि रिक्षावाला अजून दिसत नाही. बाईंची कंबर आता पूर्वीची राहिलेली नाही आणि मी काही हलकी नाही. त्या एका बाजूने मला धरतील.

दुसरी बाजू मोकळी आहे.