बदलून येणारा आवाज

सयाजीने जुन्या फियाटमधून रेडिओ उपसून काढला, मांडीवर पालथा घेतला आणि त्याच्या पाठीवरची धूळ फुंकून उडवली. उद्यमनगरातल्या त्याच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेल्या पद्मावतीबाईंनी पदर नाकाशी धरला. पण त्याच्या हातांवरची नजर हलू दिली नाही.

"काय दुखतंय म्हणायचं ह्याचं, आक्का?"

"आवाज बदलून येतोय."

"खरखर व्हय?"

"खरखर आली असती तर तसं सांगितलं असतं की. बोलणारं माणूस एक, आवाज दुसऱ्याचाच येतोय. तेवढं नीट कर."

सयाजीने मान वर करून भरतेशकडे पाहिले. बाईंचा हा मुलगा पन्नास किलोमीटर गाडी हाकून आईला कुरुंदवाडहून घेऊन आला होता आणि आता रस्त्यापलीकडच्या पाट्या वाचत उभा होता. त्याने पाट्या वाचणे सोडले नाही.

कुरुंदवाडच्या त्यांच्या घरात एक नाव घेतले जात नव्हते. थोरल्या लेकीने मुरगूडच्या प्रसेनजीतशी, जातीबाहेर लग्न केले आणि दोघे धारवाडला निघून गेली, त्या दिवशी बाई बस्तीत, जैन मंदिरात, गेल्या. मूर्तीसमोर हात जोडून त्यांनी नियम घेतला: तिचे तोंड पाहणार नाही, तिचे नाव घेणार नाही. कोणा महाराजांनी तो दिला नव्हता. शब्द बाईंचे स्वतःचे होते, आणि बाईंचा शब्द म्हणजे काय हे घराला ठाऊक असल्यामुळे बाकीच्यांनी तो न घेताच पाळला.

त्यांचे यजमान बाबासो यांनीही पाळला. फक्त ते दिवस मावळायच्या आत जेवून उठत आणि गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसत. रोज सुरू केली नाही तर बॅटरी उतरते, म्हणत. ते वारल्यावर ते काम बाईंनी अंगावर घेतले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी किल्ली फिरवली, तर रेडिओतून त्यांची लेक कन्नडमध्ये भुईमुगाच्या रोगाबद्दल बोलू लागली. धारवाड केंद्रावरचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम होता. बाई ताठ बसून राहिल्या. मनातल्या मनात त्यांनी नियम अक्षर न् अक्षर म्हणून पाहिला. त्यात तोंड होते, नाव होते. कानांबद्दल त्यात काही नव्हते.

तेव्हापासून गाडीची बॅटरी कधी उतरली नाही. तेवढा वेळ भरतेश घरामागच्या परड्याकडे फिरकत नसे.

मग थंडीच्या तोंडावर आवाज बदलला. वेळ तीच, सुरुवातीचे संगीत तेच, पण बोलणारी कोणी कोवळ्या गळ्याची मुलगी. बाईंनी चार दिवस वाट पाहिली, मग आठ दिवस. त्याच सुमारास कधीतरी भरतेश पंपाचा सुटा भाग आणायला म्हणून धारवाडला जाऊन आला होता. परतला तो मागच्या दाराने. उंबरा न ओलांडता त्याने परड्यातल्या हौदातले पाणी अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावर ओतून घेतले. बाईंनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले होते.

"धूळ लई हुती," तो म्हणाला.

बाईंनी ताट वाढले. पंपाचा भाग त्यांनी मागितला नाही, त्याने दाखवला नाही.

सयाजीने रेडिओला तारा जोडल्या, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सांगली लागले, पुणे लागले, कुठलेसे गुजराती भजन लागले.

"आक्का, ह्याला धाड भरलेली न्हाय. माझ्या घरातल्या रेडिओपेक्षा गुणी हाय की!"

"बिघडलाय."

"आवो, पर..."

"मी रोज ऐकती का तू ऐकतोस?"

"तुमीच ऐकताय. माझी बायको तरी कुठं काय ऐकू देती."

बाई हसल्या नाहीत. सयाजीने हसू गिळले.

"नवा बसव," त्या म्हणाल्या. "पर धारवाड लागलं पायजे. तेच आधी बघून दे."

"आव्वा," भरतेश पहिल्यांदा बोलला, "घरला जाऊया की. उगं कशाला..."

"तू गप बस."

नवा रेडिओ चकचकीत होता. त्याला काटा नव्हता, हिरवे आकडे उजळत. तो बसवता बसवता ऊन उतरले. दिवस मावळायला आला तशा बाईंनी पिशवीतून डबा काढला, तांब्यातल्या पाण्याने हात धुतले आणि गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यात, खुर्चीतच, भाकरी आणि दोडक्याची भाजी खाऊन घेतली. भरतेशला अर्धी भाकरी दिली. ती त्याच्या हातात तशीच राहिली.

"लागलं बघा धारवाड!" गाडीतून सयाजी ओरडला.

बाई उठून दाराशी गेल्या. ओळखीचे संगीत वाजले, थांबले. त्यांनी मान किंचित तिरकी केली. कोवळ्या गळ्याच्या मुलीने शेतकरी बांधवांना नमस्कार केला.

"ह्योबी बिघडलेलाच हाय," बाई म्हणाल्या. "दुसरा बसव."

सयाजी गाडीतून बाहेर आला. दिवसभराचा शीण आता त्याच्याही तोंडावर आला होता.

"आक्का, डबडं म्हणाल तितक्यांदा बदलतो. आतलं माणूस मी कसं बदलू?"

भरतेशच्या हातातली भाकरी मोडली. बाई सयाजीकडे पाहत राहिल्या. असे उत्तर त्यांना आजवर कोणी दिले नव्हते. मग त्यांनी पदर सारखा केला.

"जुना माझ्याजवळ दे."

सयाजीने तो फडक्यात गुंडाळून दिला. बाई पुढच्या सीटवर बसल्या आणि तान्हे मूल घ्यावे तसा तो मांडीवर घेतला. नवा रेडिओ बंद करायला भरतेशने हात उचलला.

"ऱ्हाऊ दे."

गाडी पंचगंगेचा पूल ओलांडून गेली. पुढे उसाचे ट्रॅक्टर रांगेने चालले होते, मागे लाल दिवा नसलेले. भरतेश त्यांच्या मागून सावकाश चालवत होता. मुलगी हरभऱ्यावरच्या अळीबद्दल सांगत होती. मधे एकदा ती अडखळली, सावरली.

"शिकंल," बाई म्हणाल्या. "नवी हाय."

भरतेशने गिअर बदलला.

"भरतेश."

"काय, आव्वा?"

"धारवाडास्नं आलास त्या दिवशी परड्यात आंगोळ का केलीस?"

त्याने गाडी कडेला घेतली. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. भरतेशने दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"तुझा नियम हाय, आव्वा. घरात कसं बोलायचं?"

"माझा हाय. तुझा न्हाय." बाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, हुकूम सोडावा तसा. "आन् हे घर बी न्हाय. तू नाव घे."

भरतेशने नाव घेतले. त्याने कपाळ हातांवर टेकले.

बाई समोर पाहत होत्या. त्यांचे बोट मांडीवरच्या फडक्यात शिरले, जुन्या रेडिओची कळ त्यांना न पाहताच सापडली. त्यांनी ती उलटी पिळली, खट्ट होईपर्यंत. समोर हिरवे आकडे उजळत राहिले, आणि ती परकी मुलगी फवारणी केव्हा करावी ते समजावून सांगत राहिली.