बूट

“जमुनाताई, बूट काढा ना जरा. अनवाणी धावताना फोटो झकास येईल!”

सुबोधने मोबाइल वर धरला. सौदीतल्या यान्बूच्या समुद्रकिनारी मराठी मंडळाने बायकांची शर्यत ठेवली होती. सगळी धावपळ पुण्याच्या ह्या इंजिनिअरचीच. माणूस मनाने चांगला. “तुम्हा आदिवासींच्या रक्तातच असतं हे,” तो कौतुकाने म्हणाला.

बुटाची नाडी बांधणारा जमुना गावितचा हात थांबला.

सुरगाण्याजवळच्या पाड्यावरची ही कोकणा जमातीची पोरगी पंधराव्या वर्षी राज्य स्पर्धेत धावली होती. क्रीडा वसतिगृहात सगळ्या मुलींना बूट मिळाले. तिला सर म्हणाले, “जंगलातल्या पायांना काय करायचेत?” मे महिन्यातल्या तापलेल्या ट्रॅकवर ती जिंकली, तेव्हा तळवे सोलून निघाले होते. पेपरात फोटो आला आणि मुली तिला ‘माकडीण’ म्हणू लागल्या. जमुनाने पळणं सोडलं. नर्स झाली, इथे आली. पण घरातही पायांत सपाता, झोपताना मोजे.

“मोज्यांशी निकाह लावलायस काय गं?” तिच्या खोलीत राहणारी रत्नागिरीची अस्मा चिडवायची. एकदा जमुनाने तिला सगळं सांगितलं. दुसऱ्याच सुट्टीला अस्मा तिला ओढत दुकानात घेऊन गेली, चांगले बूट घ्यायला लावले आणि रोज पहाटे अबाया सावरत स्वतःही तिच्यामागे धापा टाकू लागली.

आताही अस्माच पुढे सरसावली. “ओ सुबोधभाई...”

“थांब गं, मी बोलते.” जमुना उभी राहिली. “सर, शाळेत असताना मी अनवाणी पळाले, पण हौसेनं नाही. मला बूट दिलेच नव्हते. आणि रक्तात कसलं आलंय? अंधारात उठून घाट चढायचे मी.”

सुबोधने मोबाइल खिशात टाकला. “चुकलो, ताई.” थोडं घुटमळून त्याने विचारलं, “माइकवर तुमची ओळख काय सांगू?”

“जमुना गावित, नर्स. बास.”

शिट्टी वाजली. बराच वेळ जमुना पुढे होती. शेवटी दम्मामहून आलेल्या एका कॉलेजच्या मुलीने तिला गाठलं आणि मागे टाकलं. जमुना दुसरी आली.

सगळ्या बायकांच्या मागून अस्मा पोहोचली आणि तिच्याशेजारी वाळूत धपकन बसली.

“दमलीस?”

जमुना सवयीने ‘नाही’ म्हणायला गेली. मग तिने डोकं अस्माच्या घामेजल्या खांद्यावर टेकवलं.

“हो गं. खूप दमले.”